दोनदा टाच

गादी कारखान्यात ताईच्या मागे जाऊन कुणी उभं राहत नाही. एक नवा सुपरवायझर आला होता. त्याने मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्याच क्षणी तो कापसाच्या ढिगात उताणा पडला. ताईनेच त्याला उठवलं, अंगावरचा कापूस झटकला. तेव्हापासून तिला बोलवायचं असलं की सगळे जमिनीच्या लाकडी फळ्यांवर दोनदा टाच आपटतात. ताईला जन्मापासून ऐकू येत नाही, पण फळीतून आलेला धक्का तिच्या तळपायाला बरोबर कळतो.

ही खूण मूळची ज्युदोतली. वीस वर्षांपूर्वी मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पंच "थांबा" म्हणाले आणि ताई थांबली नाही. थांबणार कशी? पंच पाठीमागे होते. नियम मोडला म्हणून तिला बाद केलं, हातातलं पदक गेलं. पुढच्या वर्षी भावाने पंचांच्या हातापाया पडून एवढंच मागितलं, की हिला थांबवायचं असेल तर टाच दोनदा आपटा. त्या वर्षी ताईने समोर आलेल्या एकीलाही उभं राहू दिलं नाही.

आता तिच्यावर सिनेमा निघाला. वहिनीने ही बातमी इतक्यांदा सांगितली, की शेजारणी तिला पाहून दार लावून घेऊ लागल्या. ताईच्या भूमिकेत एक गाजलेली नटी होती, उंच, देखणी आणि कानांनी ठणठणीत. ताईचं म्हणणं होतं, ऐकू न येणारी मुलगी घ्या. दर रविवारी ती अशा नऊ मुलींना ज्युदो शिकवते, त्यातली बुटकी तिने सुचवलीही होती. दिग्दर्शक गोड हसला आणि त्याने बुटकीला नटीच्या जागी आपटून घ्यायला ठेवलं, तेही पाठमोरी. मार खायला आमची आणि टाळ्या घ्यायला तुमची, असं ताई हातांनी म्हणाली. ताई विचार करून सांगते म्हणतेय, असं तिचा दुभाषा झालेल्या भावाने दिग्दर्शकाला सांगितलं. ताईला ओठ वाचता येतात हे तो घाबरट भाऊ विसरला. घरी गेल्यावर त्याची धडगत नव्हती.

मग त्या "थांबा"च्या प्रसंगाचं शूटिंग लागलं. नटी मेहनती होती, तीन महिने अंग मोडून शिकली होती. पण पंच ओरडले की तिची पकड आपोआप सुटायची. निदान मान तरी वळायचीच. अकरा वेळा तेच झालं. शेवटी दिग्दर्शक म्हणाला, एडिटिंगमध्ये निभावून नेऊ.

करार करताना भावाने एकच शहाणपण केलं होतं. या प्रसंगाला ताईची सही लागणार होती. ताई उठली आणि मॅटवर जाऊन उभी राहिली.

"मला ऐकू आलं नाही म्हणून माझं पदक गेलं," ती हातांनी म्हणाली. "हिला ऐकू येतं. मी सही करणार नाही."

या वेळी भावाने शब्दन् शब्द सांगितला.

नटी घाम पुसत खाली बसली आणि म्हणाली, "सर, एकदा बुटकीला करू द्या. समोरून."

पंच ओरडले. बुटकीची पकड तशीच. पंच बेंबीच्या देठापासून ओरडले, लाइटवाल्याने कानावर हात ठेवले, प्रेक्षक म्हणून बसवलेली माणसंही न सांगता "थांब, थांब" करू लागली. बुटकीची पापणीसुद्धा हलली नाही. शेवटी पंचांनी कॉलर धरून तिला ओढलं, तेव्हा तिने वर पाहिलं. आपलं काय चुकलं, हे न कळलेल्या मुलीचा तो चेहरा होता. पदक गेलं त्या दिवशीचा स्वतःचा चेहरा ताईने कधी पाहिला नव्हता. तो आत्ता दिसला आणि ती सगळ्यांसमोर रडली. दिग्दर्शक "कट" म्हणायचं विसरला.

भूमिका बुटकीला मिळाली. नटीने वहिनीची भूमिका मागून घेतली, आणि आमच्या खऱ्या वहिनीचे पाय तेव्हापासून जमिनीला लागलेले नाहीत.

पहिला खेळ जुन्या, लाकडी जमिनीच्या थिएटरात झाला. पडद्यावर बुटकीने शेवटची लढत जिंकली. कारखान्यातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्याच नाहीत. त्यांनी दोनदा टाच आपटली. मग मागच्या रांगेने आपटली, मग बाल्कनीने, मग सगळ्या थिएटरने. ताईने चपला काढून पाय फळ्यांवर टेकवले. एवढ्या माणसांनी तिला एकदम हाक कधीच मारली नव्हती.