पाव हिस्सा उरेपर्यंत

अलकाताईंच्या काढ्यावर त्या घरात आजवर फक्त गॅलरीतल्या कुंड्या पोसल्या होत्या. विमा कंपनीतल्या नवऱ्याच्या, उमाकांतरावांच्या, बदलीमुळे त्या नाशिक सोडून जयपूरला आल्या आणि दुर्गापुऱ्यात स्थिरावल्या. तिथली हाडं गोठवणारी थंडी पाहिल्यापासून दर हिवाळ्यात त्या आलं, लवंग, दालचिनी घातलेलं पाणी पाव हिस्सा उरेपर्यंत आटवत आल्या. आल्याने कफ सुटतो, लवंगेने घसा मोकळा होतो, दालचिनीने अंगात ऊब राहते, हे सांगून सांगून त्यांच्या तोंडाला फेस आला. उमाकांतराव खोकत पेला घेऊन गॅलरीत जात आणि रिकामा करून आणत. मुलगा निमिष तर लांबूनच नाक दाबी.

आज तोच निमिष मोबाइल नाचवत स्वयंपाकघरात आला.

"आई, मल्ड वाइन बनवूया. मतलब, मसालेवाली गरम वाइन. दालचिनी, लौंग, अदरक, संत्र्याचा छिलका. सगळं इतकं हेल्दी असतं, तुला माहितेय?"

अलकाताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मला माहितेय का म्हणून विचारतोस?"

"फक्त उबालायचं नाही हं! हलकं गरम." एवढं बजावून तो गोपालपुऱ्याच्या कोचिंग क्लासमध्ये शिकवणाऱ्या बायकोला आणायला गेला.

अलकाताईंनी निमिषने आणलेली वाइन पातेल्यात ओतली, मसाले टाकले. रागाच्या भरात आलं जरा जास्तच ठेचलं गेलं. हात सवयीने ढवळत राहिले आणि डोक्यात मात्र गॅलरीत ओतलेले सगळे पेले फिरत राहिले. भानावर आल्या तेव्हा पातेल्यात पाव हिस्सा उरला होता. वाइनमधली दारू केव्हाच वाफेबरोबर उडून गेली होती. आता काय करायचं? त्यांनी संत्र्याची साल, लवंगा गाळून काढल्या, गूळ ढवळला आणि उरलेलं पेल्यात ओतलं.

निमिष यायच्या आतच शाल गुंडाळलेले उमाकांतराव आत आले. खोकल्याने त्यांची दोन रात्री झोप झाली नव्हती. अलकाताईंचीही नव्हती. निमिषचा वाइनचा बेत ऐकलेल्या उमाकांतरावांनी पेला उचलला, घोट घेतला, मग दुसरा.

"वा! याला म्हणतात चीज! घसा कसा मोकळा झाला. हे रोज देत जा बुवा, तुझ्या त्या काढ्यापेक्षा."

गप्प बसल्या असत्या तर आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या नवऱ्याने अख्खा पेला संपवला असता. अलकाताईंना ते कळत होतं. पण किती गिळायचं माणसाने?

"अहो, वाइन आटून गेली सगळी. हा माझा काढाच आहे."

उमाकांतरावांनी पेल्यात वाकून पाहिलं.

"तरीच," ते म्हणाले, "शेवटी जरा कडवट लागत होतं."

आणि पेला घेऊन, खोकत, ते गॅलरीकडे वळले.