शशीने उजळलेले चेहरे

शशीला त्या बाईचा राग पहिल्या दिवशी आला, आणि तिला त्याचा दुसऱ्या दिवशी. एका दिवसाचा फरक पडला तो एवढ्यासाठीच, की पहिल्या दिवशी तिने त्याचं काम पाहिलं नव्हतं.

गोष्ट दोन हजार चार सालची. कॉव्हेंट्रीतल्या एका फोटो लॅबच्या तळघरात शशी अठरा वर्षं डार्करूम सांभाळत होता. बायको सुप्रभा नर्स म्हणून इकडे आली आणि तिच्यामागून हा आला, हातात एक ट्रंक घेऊन. ट्रंकेत कपडे कमी, जुन्या निगेटिव्हच जास्त. शिकला तो सोलापुरात, अंबादास मास्तरांच्या स्टुडिओत. मास्तरांचं म्हणणं असं, की आरशात दिसतं तसंच तोंड फोटोत दिसणार असेल, तर गिऱ्हाईक आपल्याकडे येईल कशाला, घरीच बसून आरसा बघेल. तेव्हा उन्हात करपलेल्या कितीतरी मुली शशीच्या हातून उजळून स्थळांकडे गेल्या. एका सासऱ्याने तर म्हणे मांडवातच विचारलं, ही धाकटी दिसते, फोटोतली थोरली कुठंय? असो. अशा दहा गोष्टी शशीकडे होत्या आणि तो त्या अभिमानाने सांगायचा.

आता मात्र वरच्या मजल्यावर दोन डिजिटल मशिनं येऊन बसली होती. मालक टेरीने स्पष्टच सांगितलं होतं: या बाईचे सहा मोठे प्रिंट पास झाले, तर तिचं वर्षभराचं काम आपल्याला आणि डार्करूम चालू. नाही झाले, तर तळघरात कागदाचे खोके ठेवू. म्हणजे बावन्नाव्या वर्षी शशी घरी.

बाईचं नाव इदालमिस. क्युबाची फोटोग्राफर, अंगाने दणकट, आणि शशीच्या भाषेत तव्याच्या बुडासारखी. तिचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून क्युबात नेलेले. त्यांनी आपले देव मालकांच्या ख्रिस्ती संतांच्या तसबिरींआड लपवले आणि जगवले. तिच्या आजीचं दैवत येमाया, समुद्राची आई. इदालमिस स्वतःच कॅमेऱ्यासमोर बसायची: अंगावर पांढरं वस्त्र, डोक्यावर कवड्यांचा मुकुट, ओंजळीत देवीला वाहायची कलिंगडाची फोड. शशीने निगेटिव्ह उजेडासमोर धरली आणि मनात म्हणाला, एवढा थाट केला आणि तोंड अंधारात.

मग त्याने नेहमीचं केलं. तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची गोल टिकली लावलेली असायची. कागदावर उजेड पडत असताना ती चेहऱ्यावर हलवत धरली, की तेवढा भाग गोरा उतरतो. पस्तीस वर्षांचा हात, डोळे मिटूनही चुकत नसे.

दुसऱ्या दिवशी बाईने प्रिंट वरच्या मजल्यावर खिडकीशी नेला.

"ही कोण?" तिने विचारलं.

"तुम्हीच."

"मी नव्हे. माझ्या अंगात कुणी इंग्रजीण शिरलीय."

शशीने तिला ऐकवलं, की पोर्ट्रेटमध्ये तोंड दिसायला लागतं. तिने ऐकवलं, की तोंड बघायला डोळे लागतात, तार नव्हे. त्याने दुसरा प्रिंट काढला. टिकली घ्यायची नाही असं ठरवूनही हात गेलाच. तो प्रिंट तिने त्याच्यासमोर उभा फाडला आणि दोन्ही तुकडे फोटो धुवायच्या रसायनाच्या ट्रेमध्ये टाकले.

घरी येऊन शशीने तिचा उद्धार केला. सुप्रभा भाजी चिरत होती. ती म्हणाली, "तोंड तिचं, तुमचं काय जातंय? आपल्या लग्नाच्या अल्बमात मी नेमकी कुठे आहे, ते मला अजून सापडलेलं नाही."

तिसऱ्या प्रिंटला बाईने आवाजसुद्धा चढवला नाही. ती म्हणाली, "आमच्या लोकांनी देव लपवले म्हणून देव वाचले. तोंड लपवायला मी आलेले नाही. पुढच्या शुक्रवारपर्यंत बघते, मग दुसरी लॅब. तुमच्या आईचंही तोंड असंच पुसलंत का?"

उत्तर हो असं होतं.

त्याची आई आराधीण. दर मंगळवारी गळ्यात कवड्यांची माळ घालून तुळजाभवानीचा जोगवा मागायची. काळीकुळकुळीत, कपाळावर गोंदण. शशीने स्टुडिओत शिकल्यावर पहिलं स्वतंत्र काम केलं ते तिच्या फोटोचं. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने दोन दिवस चेहरा भरला आणि कौतुकाने तिच्या हातात फोटो ठेवला. आईने तो लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाली, "चांगलाय रं. पर ही कोन?" हा किस्सा तो पस्तीस वर्षं हसून सांगत आला होता. तिचा दुसरा फोटो कधी निघालाच नाही.

रविवारी त्याने ट्रंक उघडली. कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवून आईच्या निगेटिव्हवरची पेन्सिल पुसली, हळूहळू, स्वतःची सगळी मेहनत. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत टिकलीची तार मोडून केराच्या डब्यात टाकली आणि प्रिंट काढला. आधीच्या फोटोत चेहरा आणि कवड्या एकाच रंगाच्या होत्या. आता ट्रेमध्ये आधी काळा चेहरा आला, मग गोंदण, आणि त्या काळ्यावर माळेतली एकेक कवडी मोजता येईल अशी उठून दिसली. शशी ट्रेपाशी उभाच राहिला. सुट्टी संपली तरी जेवला नाही.

मग चार दिवस त्याने सहा प्रिंट काढले.

शुक्रवारी बाई आली. भिंग लावून अर्धा तास बघत राहिली. चौथा अजून गडद हवा, म्हणाली. शशीने दात आवळून परत काढला. तिने तोही तपासला आणि म्हणाली, "चालतील." आभार नाहीत, हसणं नाही. शशीनेही अपेक्षा ठेवली नव्हती.

जाता जाता तिला दोरीवर वाळणारा फोटो दिसला. ती थबकली. "कोण आहे? या कवड्या कोणत्या देवाच्या?"

"माझी आई. देवीच्या आहेत." शशीने तिच्याकडे पाठ फिरवली. "काम झालं असेल तर दार लावून घ्या."

ती दार लावून गेली. पुढे वर्षभर दर महिन्याला यायची आणि दर महिन्याला दोघांचं वाजायचं. टेरीने कागदाचे खोके तळघराऐवजी जिन्याखाली ठेवले.