असोद्याच्या गच्चीवरचं ग्रहण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज तुम्हाला सांगायला बसलोय, तरी बघा — आधी कॅमेऱ्याचंच बोलावंसं वाटतंय. तो भाग सोपा आहे ना!

मी धुळ्याला देवपुरात राहतो, कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. ग्रहणाला घाबरू नका, अशी भाषणं ठोकत गावोगाव फिरायची मला भारी हौस. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच दिवशी ते सूर्यग्रहण आलं. सूर्य ग्रहणातच मावळणार होता, आणि जळगावजवळच्या असोद्याला माझ्या चुलतबहिणीच्या, मंदाअक्काच्या गच्चीवरून पश्चिमेला नुसत्या केळीच्या बागा. मध्ये आडवं काही नाही. तिच्या सासूबाईंचा सक्त विरोध होता. अक्का माझ्यासाठी घरात भांडली.

मी लॅपटॉप कॅमेऱ्याला जोडला. प्रोग्राम ठरल्या वेळी आपोआप फोटो काढणार, आणि पुढे काय करायचं ते मोठ्याने बोलून सांगणार. त्याची फाईल एका परदेशी हौशी माणसाची, आयती उतरवलेली — खग्रास ग्रहणासाठी केलेली. खग्रासात सूर्य पुरता झाकला की तेवढ्यापुरता भिंगावरचा काळा फिल्टर काढतात. आपल्याकडचं ग्रहण अर्धवट. फिल्टर क्षणभरही काढायचा नव्हता. मी वेळा बदलल्या. बोलायच्या सूचना तपासायचा — कंटाळा केला.

खाली गल्लीत लोक जमले, त्यांना ग्रहणाचे चष्मे वाटायला मी उतरलो. जाताना अक्काला म्हणालो, सूर्य सरकला की कॅमेऱ्यातून बघून त्याला मधोमध घे, बाकी लॅपटॉप सांगेल तसं कर. तो माझ्यापेक्षा हुशार आहे, असंही वर. काय तो तोरा!

परत आलो तेव्हा फिल्टर तिच्या एका हातात होता आणि दुसरा हात उजव्या डोळ्यावर.

“त्यानंच काढाले लावला रे भाऊ.”

मला तिथल्या तिथे कळलं. तुम्हाला वाटेल, मी आधी तिला धरून खाली नेलं असेल? मी आधी फिल्टर बसवला. उरलेले फोटो वाया जायला नको होते.

जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या पडद्यावर डाग पडलाय, तो जाणार नाही. अक्का ब्लाउज शिवते. काजं, हुक सगळं हाताने. फिल्टर काढला कुणी, असं डॉक्टरांनी विचारलं. मी पटकन म्हणालो, हिनेच, चुकून. अक्का माझ्याकडे बघत राहिली.

पण एवढ्यावर थांबलो असतो तर — नाही, थांबलो नाही. पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला. लॅपटॉप बोलला होता ना, एवढंच तिला विचारायचं होतं. मी लॅपटॉप घेऊन असोद्याला गेलो आणि तिच्यासमोर प्रोग्राम पुन्हा चालवला. ती खाटेवर बसून ऐकत होती. बाकी सगळ्या सूचना आल्या. फिल्टर काढायची तेवढी आली नाही. कशी येईल? निघण्याआधी घरी बसून ती ओळ मी पुसली होती.

“मले भासच झाला असीन,” ती म्हणाली. आतून सासूबाई कडाडल्या, “तुले सांगलं व्हतं ना, गिऱ्हान पाहू नको म्हनून!” आणि मी, भाषणं ठोकणारा, लॅपटॉप पिशवीत भरत होतो. खापर ग्रहणावर फुटत होतं. मला ते सोयीचं होतं. लाज वाटते हो, पण होतं.

त्या संध्याकाळचा फोटो माझ्या बैठकीत लावलेला आहे. काळ्याकुट्ट आभाळात कड कुरतडलेला सूर्य. येणारे-जाणारे वाहवा करतात. मी थँक्यू म्हणतो.

अक्काने निम्मं शिवणकाम सोडलं. मी गेलो की सुया आणि दोरे पुढ्यात ठेवते, ओवून दे म्हणते. मी ओवून देतो. हल्ली तिचा स्वतःच्या कानांवरही भरवसा उरलेला नाही. कुकरची शिट्टी झाली तरी मलाच विचारते, वाजली ना रे भाऊ?

वाजली अक्का, मी सांगतो. त्या दिवशीही तिने बरोबरच ऐकलं होतं.