दारफाळणीच्या दिवशी अक्का

बाबांशी वाद घालून मी सकाळीच दमले होते. यॉम किप्पूर हा पापांची क्षमा मागण्याचा आमचा कडक उपास. पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, त्याला दारफाळणीचा सण म्हणतो. दार लावून घ्यायचं आणि दिवसभर प्रार्थनेत राहायचं. कोल्हापुरात आमचं प्रार्थनालय नाही, म्हणून माझ्या नोकरीपायी इथे आल्यापासून आम्ही बापलेक पांढरे कपडे घालून घरीच बसतो. बाबांना मधुमेह. डॉक्टरांची उपासाला साफ मनाई. जिवावर बेतत असेल तर उपास करू नये, हे आपल्याच धर्मात आहे, असं मी कानीकपाळी ओरडले. "आजवर मोडला नाही, आता कशाला मोडू?" एवढंच उत्तर. वर सवयीने मधुमेहाची गोळी उपाशीपोटी, पाण्याविनाच गिळून मोकळे!

त्यात शेजारच्या अक्का. उद्या दार उघडणार नाही, असं आदल्या दिवशी बजावूनही घंटी वाजवायच्या. "पाणी आलंय, मोटर लावा की!" थोड्या वेळाने, "भाजीवाला आलाय, काय घ्यायचं हाय का?" दर वेळी माझी प्रार्थना मधेच तुटायची. क्षमा सोडून बाकी सगळं मनात येत होतं.

दुपार कलल्यावर बाबांच्या हातातलं पुस्तक गळालं. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते. मी साखरेचं पाणी आणलं, तर ओठ घट्ट मिटलेले. विनवलं, चिडले, शेवटी रडू फुटलं. तेवढ्यात पुन्हा घंटी. तावातावाने दार उघडलं.

"रागवू नगंस. तुझं रडणं ऐकू आलं, म्हणून आले," म्हणत अक्का आत शिरल्या आणि बाबांजवळ बसल्या.

"दादा, आमी जैन. मीबी अवंदा पर्वात उपास धरलावता. मधीच डोळ्याम्होरं अंधारी आली. आमच्या मुनी म्हाराजांनीच सोडायला लावला. लई रडले बघा. पर देव काय रुसला न्हाई. घ्या घोटभर."

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. डोळे मिटून पुटपुटत पाण्याआधीची प्रार्थना म्हटली आणि ग्लास तोंडाला लावला. हळूहळू चेहऱ्यावर रंग परतला. संध्याकाळची शेवटची प्रार्थना मी वाचली, त्यांनी पडूनच ऐकली.

खरं सांगते, त्या दिवशी देवाकडे मी मनापासून एकच मागितलं होतं: या बाईला माझ्या दारापासून लांब ठेव. त्याने ते ऐकलं नाही, याचे आभार कोणत्या शब्दांत मानू? हल्ली काहीही मागून झालं, की शेवटी म्हणते, यातलं काय ऐकायचं ते तूच ठरव.