वहिनीचं दुकान, माझं पॅनकार्ड

मोबाइलवरचं ते दुकान माझ्या नावावर होतं आणि त्यातली एकही विक्री मी केलेली नव्हती. विकायची ती माझी वहिनी. माझं होतं ते फक्त पॅनकार्ड आणि बँकेचं खातं. बारावीनंतर शिष्यवृत्तीसाठी ते उघडलं होतं आणि आमच्या घरात नीट चालणारं तेवढंच एक खातं होतं. बाबांचं खातं गावाकडे, दादाच्या खात्यातून टेंपोचा हप्ता कापला जायचा, आणि वहिनीच्या कागदांची गोष्ट वेगळीच होती. म्हणून वहिनी म्हणाली, "ताई, तुझं टाकू का?" मी अभ्यास करत होते. मान वर न करता म्हटलं, "टाक ना."

पहिली विकली गेली ती माझीच बारावीची गाईडं. ती माळ्यावर पडून होती. मी दोन वर्षं म्हणत होते की कुणाला तरी देऊ या. वहिनीने ती पुसली, खिडकीपाशी नीट रचून फोटो काढला, आणि आठवड्याच्या आत एक मुलगा येऊन घेऊन गेला. मग आमचा जुना कुकर गेला, दादाचं हेल्मेट गेलं. मग गल्लीतल्या बायका येऊ लागल्या. कुणाचा मिक्सर, कुणाचा पाळणा, कुणाच्या मुलाचे लहान झालेले बूट. "तुज्या मोबाइलवर टाक गो," म्हणायच्या, आणि वस्तू गेली की पैसे घ्यायला यायच्या. मला यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे असंच चालतं. गॅसचं कार्ड एकाच्या नावावर, सिलिंडर दुसऱ्याच्या घरात. ज्याचं खातं चालू, त्याच्या नावावर सगळं.

मला खुपत होतं ते दुसरंच. घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. वहिनी येण्याआधी याच बायका माझ्याकडे यायच्या, शाळेचा फॉर्म भरायला, लाइटबिल वाचून घ्यायला. आता त्या उंबऱ्यातूनच विचारायच्या, "वहिनी हाय का?" मी समोर पुस्तक घेऊन बसलेली असले तरी.

आणि धोटे. वहिनीचा खरा जीव त्यांच्यात होता. बाबा पॉवरलूमवर काम करतात. लाकडी धोटा म्हणजे लूममध्ये आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळणारी ती होडीसारखी वस्तू. आता नव्या लूमना धोटा लागत नाही. जुने लूम भंगारात निघतात तेव्हा धोटे पोत्यांनी निघतात. एकदा बाबांनी एक धोटा सहज घरी आणला. वहिनीने तो घासला, तेल लावलं, मधल्या पोकळीत मनीप्लँटची फांदी ठेवली आणि फोटो टाकला. पुण्याच्या एका बाईंनी तो घेतला आणि अजून आहेत का म्हणून विचारलं. तेव्हापासून बाबा आणि वहिनी भंगारवाल्याकडून पोतं आणायला लागले.

शुक्रवारी लूम बंद असतात. त्या दिवशी दोघं दारात बसायची. बाबा एकेक धोटा हातात फिरवून सांगायचे.

"हा बघ, ह्याचं टोक घासलंय. हा लय चाललेला हाय."

"मग तोच जास्तीला जाईल, बाबा. लोकांना चाललेलाच पाहिजे."

"येडी लोकं हायेत," बाबा म्हणायचे आणि हसायचे.

माझ्याशी बाबा कधी इतकं बोललेत असं मला आठवत नाही. त्यांचं माझ्यावर प्रेम नाही असं नाही. माझ्या फीसाठी त्यांनी डबल शिफ्ट केली आहे. पण माझ्या पुस्तकांसमोर ते अवघडतात. मार्कशीट दाखवली की दोन्ही हातांनी धरतात, "बरं हाय ना?" विचारतात आणि परत देतात. वहिनी दहावी झालेली, लग्न होऊन आल्याला दीड वर्ष, आणि बाबांकडे जे होतं ते तिला उपयोगाचं होतं. मी आतल्या खोलीत बसून ऐकत राहायचे. एकच पान परत परत वाचायचे.

पण एक गोष्ट माझ्याकडे होती, आणि ती मला योगायोगाने कळली. एका दुपारी बाबांचा डबा घेऊन मी कारखान्यात गेले. शेजारचे लूम चालवणाऱ्या चाचांनी लूमच्या खडखडाटात ओरडून विचारलं, "यही है क्या, दुकानवाली?"

बाबा म्हणाले, "हां, इसी का है. इसी के नाम पे है. बंगलोर तक माल जाता है."

चाचांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. बाबांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी मार्कशीटच्या वेळी पाहिलं नव्हतं. मी डबा बाबांच्या हातात दिला. त्या आवाजात खरं काय ते सांगताही आलं नसतं. घरी येताना मला वाटत होतं की दुकान थोडं माझंही आहे. खातं माझं नसतं तर ते सुरूच झालं नसतं, असं मी स्वतःला समजावत होते.

नंतर काही दिवसांनी वहिनी मोबाइल घेऊन माझ्यासमोर बसली. ॲपने पैसे अडवले होते. कराची माहिती भरल्याशिवाय सोडणार नव्हते. पॅनचा नंबर हवा होता आणि दोन प्रश्न होते. विकलेल्या वस्तू विकण्यासाठी घेतलेल्या नसून स्वतःच्या वापरातल्या आहेत का? आणि खातं ज्याचं आहे, विक्री तीच व्यक्ती करते का?

"भर ना ताई, तुझंच नाव आहे," वहिनी म्हणाली. "हो-हो करून टाक."

मी म्हटलं, सरांना विचारते.

तिला वाटलं मी आढ्यता दाखवते आहे. "बरं बाई, विचार. पण लवकर विचार, मिक्सरवाली रोज येतेय."

आमचे कर शिकवणारे सर तास संपल्यावर भरभर चालतात, त्यांच्या मागे चालतच विचारावं लागतं. मी विचारलं, घरातल्या जुन्या वस्तू ऑनलाइन विकल्या तर ते उत्पन्न धरायचं का?

"तू सायकल घेतलीस, चालवलीस, घेतल्यापेक्षा कमीत विकलीस," सर म्हणाले. "कमावलंस काय?"

"काही नाही."

"मग झालं. स्वतःच्या वापरातल्या वस्तूला कर नाही. दागिने, चित्रं वगैरे सोडून. पुढे?"

"आणि विकायसाठीच जुन्या वस्तू आणल्या तर?"

"तो धंदा. वस्तू जुनी असो की नवी. छंद म्हणून करतेस की पोटासाठी, हे तुझं तू बघ. नफा झाला तर तो ज्याचा आहे त्याच्या उत्पन्नात दाखवायचा. तेवढ्या उत्पन्नावर कर लागत नसेल तर नाही लागणार, पण दुसऱ्याच्या नावावर टाकायचा नाही. आणि माल राज्याबाहेर जातो का?"

"बंगलोरला जातो, सर."

सर थांबले. "मग जीएसटीच्या नोंदणीचं बघावं लागेल. तोवर राज्यातच विका. दुकान कुणाचं आहे?"

"आमचं," मी म्हटलं.

"आमचं असा रकाना नसतो," सर म्हणाले आणि पुढच्या वर्गात शिरले.

त्या शुक्रवारी मी वहिनीला म्हटलं की जे जे विकलं ते आठव, आपण वेगळं करू. ती जिन्यावर बसून बोटांवर मोजत सांगत होती आणि मी विचारत होते, हे कुणाचं होतं? गाईडं आणि कुकर आमचे. मिक्सर, पाळणा, बूट गल्लीचे. ते पैसे आमच्याकडे राहिलेच नव्हते. आणि धोटे. ते विकायसाठीच आणलेले. निवडले कुणी, घासले कुणी, गिऱ्हाइकाशी बोललं कोण, भंगारवाल्याला पैसे दिले कुणी? प्रत्येक प्रश्नाला ती थोडी लाजून म्हणायची, "मीच." असं ते किती वेळा ऐकावं लागलं. मीच विचारलेल्या प्रश्नांची ती उत्तरं होती, आणि एकातही मी नव्हते.

मी तेव्हाही गप्प बसू शकले असते. ॲपच्या दुसऱ्या प्रश्नाला 'होय' केलं असतं तर नफा माझा म्हणून दाखवला गेला असता, कर कुणालाच पडला नसता, आणि कारखान्यात बाबांची मुलगी दुकानवालीच राहिली असती. मी मोबाइल खाली ठेवला. मग म्हटलं, "वहिनी, हे तुझ्या नावावर करावं लागेल."

"माझे तारे?" तिने पहिलं तेच विचारलं. गिऱ्हाइकांनी दिलेले तारे आणि शेरे. "ते येतील ना माझ्यासोबत?"

"नाही. ते या खात्याचे आहेत."

"म्हणजे मी पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

तिचा चेहरा पडला. आणि मला, खरं सांगायचं तर, क्षणभर बरं वाटलं. ते वाटणं मी थांबवू शकले नाही. त्यामुळे मी जे सांगते आहे ते बरोबर म्हणून सांगते आहे की तिचे तारे जावेत म्हणून, याची मला स्वतःलाच खात्री वाटेना. मी पुस्तक उघडून सरांनी सांगितलेला भाग परत वाचला. तो बरोबरच होता.

बाबा दारात धोटे धूत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"का गो बाय, तुजं नाव का काढायचं?"

"काम तिचं आहे, बाबा."

"काम मी पन करतो. बोर्डावर नाव शेटचाच हाय ना?"

"शेटने लूम घेतलेत. मी काय घेतलंय यात?"

बाबांनी हातातला धोटा पाण्यात बुडवला, काढला. "तू शिकलीस," ते म्हणाले.

वहिनी हळूच म्हणाली, "बाबा, मी मागितलं न्हाय हो नाव. ताईच सांगते." तिला वाटलं बाबा तिच्यावर रागावलेत. बाबा कुणावरच रागावले नव्हते. त्यांचं काहीतरी गेलं होतं आणि ते मी काढून घेतलं होतं, एवढं मला कळलं.

वहिनीच्या कागदांची गोष्ट ती ही. लग्नात आमच्याकडे मुलीचं नाव बदलतात. तांदळात नवं नाव लिहितात आणि त्या दिवसापासून तिला तेच हाक मारायचं. तिच्या आधारकार्डावर मात्र माहेरचंच नाव होतं, त्याला जोडलेला मोबाइल तिच्या वडिलांचा, आणि शाळेत असताना उघडलेलं खातं तिच्या माहेरच्या गावी, कोनच्या बँकेत. सासरच्या नावाने केल्याशिवाय यातलं काही चालणार नाही असं घरात सगळ्यांनी धरलं होतं. माझंही तसंच मत होतं, कारण मी कधी बघितलंच नव्हतं. बघितलं तर कळलं की जुन्या नावाचं आधार, जुन्या नावाचं खातं आणि त्याच नावाचं पॅन असेल तर काही अडत नाही. तिन्हीकडे एकच नाव हवं, एवढंच.

म्हणून आम्ही दोघी शेअर रिक्षाने कोनला गेलो. तिच्या आईने दारातूनच तिला जुन्या नावाने हाक मारली. दीड वर्ष एका घरात राहून ते नाव मी पहिल्यांदा ऐकत होते. वहिनी ज्या चालीने आत गेली ती चालही मला वेगळी वाटली. तिच्या वडिलांच्या मोबाइलवर ओटीपीचे आकडे आले, मी ते भरले, आणि थोड्या वेळात पॅनचा नंबर मिळाला. तिचे वडील विचारत होते, "हिच्या नावाचा हाय ना? हिच्याच?" मी हो म्हटलं. त्यांनी मोबाइल दूर धरून नाव वाचलं आणि शेजाऱ्याला दाखवायला गेले. माझ्या पॅनकार्डाच्या वेळी आमच्याकडे असं कुणी शेजारी गेलं नव्हतं. मी चहा संपवला.

माझ्या खात्यावर मी दोन्ही प्रश्नांची खरी उत्तरं लिहिली. विक्रेता मी नाही, असं स्पष्ट लिहिलं. दुकान बंद केलं. अडकलेले पैसे काही दिवसांनी आले, त्यातले मिक्सरचे मिक्सरवालीला आणि धोट्यांचे वहिनीला दिले, आणि धोट्यांचा नफा तिच्या उत्पन्नात धरायचा हे तिला समजावलं. मिक्सरवालीला म्हटलं, आता तुमची वस्तू तुमच्या नावावर टाकू, तुमचं खातं घेऊन या. ती म्हणाली, "आता हिला पन सरकारी हवा लागली." वहिनी जोरात हसली. मीही हसले, पण तिच्याइतकं नाही.

नवं दुकान उघडलं तेव्हा वहिनीने ते बाबांना दाखवलं. बाबांनी नाव अक्षराला अक्षर लावून वाचलं.

"ही कोन?"

"मीच, बाबा."

"असं," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "चांगलं हाय." आणि पोत्यातून एक धोटा काढून तिच्यासमोर ठेवला.

राज्याबाहेर पाठवत नसल्यामुळे सुरुवातीला दुकान मंद चाललं. वहिनी रोज सकाळी एकही तारा नसलेलं ते पान बघायची. विकत घेतलेल्या पोत्याची पावती कशी मागायची, टपालखर्च कुठे लिहायचा, हे ती मला विचारायची आणि मी सांगायचे. मला सांगायला आवडायचं. तिला सगळं लगेच समजायचं, ते तितकं आवडायचं नाही.

परवाच्या शुक्रवारी बाबा दारात उभे राहून गावच्या काकांशी फोनवर बोलत होते. काकांनी दुकानाचं विचारलं असावं. बाबा जरा थांबले. त्यांची पाठ माझ्याकडे होती. मग ते म्हणाले, "दुकान सुनेचं हाय. बाय तिचा टॅक्स बघतं."

खोटं त्यात काही नव्हतं. मीच ते वाक्य त्यांच्या हातात दिलं होतं, म्हणता येईल. पण त्यात आधी वहिनी होती आणि नंतर मी, आणि मीसुद्धा तिच्यासाठी. पुस्तक पुढ्यात ठेवून मी ते वाक्य उलटं करून बघत बसले, माझ्यापासून सुरू होईल असं. खरं राहून ते तसं होत नव्हतं. बाहेर वहिनीने बाबांना विचारलं, हा धोटा सागाचा की आणखी कशाचा, आणि बाबा फोन ठेवून तिच्याजवळ खाली बसले.