पंधरा आकडे आणि पहिला पाट

मी माझ्या सासुरवाडीचा धाकटा जावई आहे, आणि या दुखण्यावर अजून औषध निघालेलं नाही.

थोरले जावई, म्हणजे माझे साडू विनायकराव, नागपूरला राहतात. वर्षातून एकदा, दिवाळीच्या पाडव्याला रायपूरला येतात आणि थेट पहिल्या पाटावर बसतात. पहिली पुरणपोळी त्यांना, तुपाची पहिली धार त्यांना! मी सासऱ्यांच्या घरापासून चार दारं सोडून राहतो. म्हणून सिलिंडर आणणारा मी, पंखे पुसणारा मी आणि विनायकरावांना स्टेशनावरून स्कूटरवर आणणाराही मीच. (पेटी माझ्या पायांत आणि मागून सूचना : "मधुकर, खड्डे पाहून चालव न बाबू!") पाट मात्र मला दुसरा. अकरा वर्षं दुसराच.

त्या अकराव्या वर्षी रायपूरला नव्या राज्याची राजधानी होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. आमच्या ऑफिसात टेबलं आली, खुर्च्या आल्या, पण फाइली अजून भोपाळहून यायच्या होत्या. रिकाम्या टेबलाशी माणूस करणार काय? पंडरीच्या बाजारात दिवाळीचं कापड घ्यायला गेलो, तेव्हा ठेल्यावरून एक प्लास्टिकचं कोडं घेतलं. चौकोनी डबी, सोळा जागा, पंधरा आकडे, एक जागा रिकामी. त्या जागेतून आकडे सरकवत एक ते पंधरा ओळीनं लावायचे. महिनाभरात मी असा तयार झालो, की शेजारच्या विभागातले लोक शिकायला येऊ लागले! "आधी वरची ओळ. मग डावीकडची उभी. तीन आणि चार जोडीनं कोपऱ्यात वळवायचे. लागलेल्या ओळीला उगाच हात लावायचा नाही." इतक्या गंभीरपणे मी आयुष्यात दुसरं काहीही शिकवलेलं नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी विनायकराव आले आणि चहाच्या पहिल्या घोटालाच सुरू झाले.

"राजधानी झाली म्हणता तुमची? मले तर स्टेशनाबाहेर तेच गाव दिसून राहिलं."

राजधानीची अब्रू आता माझ्या खिशात होती. मी कोडं काढून त्यांच्यापुढे ठेवलं. "हे लावून दाखवा."

"हे? हे तर पोट्ट्यांचं खेळणं आहे!"

आमचे सासरे अण्णा रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. शिट्टी अजून खिशात. ती वाजवून त्यांनी जाहीर केलं, "हव! मग उद्या दोघंही लावा. जो लवकर लावन, पहिला पाट त्याचा!"

अकरा वर्षांत पहिल्यांदाच मला अण्णांच्या पाया पडावंसं वाटलं. घरी येऊन मी लगेच तयारीला लागलो. आकडे जरा अडकत होते. मी पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, घेतला, पंधराही आकडे उपटले, पुसले, खाली कॅरमची पावडर भुरभुरली आणि हाताला येतील तसे परत दाबून बसवले. (उद्या विस्कटलेलंच तर खेळायचं होतं, मग क्रमानं कशाला बसवायचे?)

"काय करून राहिले हो?" बायकोनं, सुनंदानं, विचारलं.

"वेग वाढवून राहिलो."

बोट लावलं की आकडा पळायचा! मी शांत झोपलो.

पाडव्याला पाट मांडले, रांगोळ्या निघाल्या, स्वयंपाकघरातून पुरणाचा वास यायला लागला. अण्णांनी शिट्टी फुंकली. आधी विनायकराव. घामाघूम होत वीस मिनिटांत ते शेवटच्या ओळीपर्यंत आले आणि थांबले. तेरा, पंधरा, चौदा!

"याच्यात खोट आहे," ते म्हणाले.

"विनायकराव, खोट कोड्यात नसते," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "खेळणाऱ्यात असते!"

अण्णांनी आकडे सरकवून सरकवून विस्कटले आणि डबी मला दिली. वरची ओळ लागली. डावी बाजू लागली. तिसऱ्या मिनिटाला मी शेवटच्या ओळीत होतो. तेरा, पंधरा, चौदा.

पुन्हा फिरवलं. तेरा, पंधरा, चौदा. लागलेल्या ओळी मोडल्या, नव्यानं लावल्या. तेरा, पंधरा, चौदा! विनायकराव सुपारी कातरत माझ्याकडे इतक्या प्रेमानं बघत होते, की मला रडू यायचं बाकी होतं.

तेवढ्यात सासूबाई हातात उलथनं घेऊन बाहेर आल्या. "पोळ्या थंड होऊन राहिल्या. काहून अडलं जावईबापू?"

"चौदा आणि पंधराची अदलाबदल होत नाही, आई."

"एवढंच?" त्यांनी उलथन्याच्या टोकानं दोन्ही आकडे टकटक उपटले, जागा बदलून अंगठ्यानं दाबले आणि डबी अण्णांना दिली. "झालं. चला, पानं वाढते."

"चार सेकंद!" अण्णांनी शिट्टी वाजवली.

"असं उपटून लावणं चालते का?" विनायकराव ओरडले.

"काहून नाही चालत?" सुनंदा म्हणाली. "काल यांनी तर पंधराच्या पंधरा उपटले होते!"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. पुढे ऑफिसातल्या एका गणितवाल्यानं सांगितलं, की आकडे उपटून वाटेल तसे बसवले, तर निम्म्या वेळा कोडं सरकवून सुटतच नाही, जन्मभर बसा! म्हणजे खोट खेळणाऱ्यातच होती. खेळायच्या आदल्या दिवशीच ती त्यानं स्वतःच्या हातानं बसवली होती.

अण्णांनी निकाल दिला : पहिला पाट सासूबाईंचा. त्या आयुष्यात कधी पहिल्या पंगतीला बसल्या नव्हत्या. "इश्श, काहीतरीच!" म्हणत त्या पदर सावरून बसल्या आणि खरं सांगतो, मला फार आनंद झाला. विनायकराव दुसऱ्या पाटावर सरकले, अण्णा तिसऱ्यावर, सगळे ओळीनं लागले. आता वाढणार कोण?

"मधुकर आहे न," अण्णा म्हणाले. "तो तर घरचाच आहे."

मी पुरणपोळ्यांचं ताट उचललं. पंगतीत एकच पाट रिकामा होता, माझा. त्यामुळे सगळे सरकून ऐसपैस बसले होते.

अजूनही कोणी कोडं शिकवा म्हणून येतं. मी आता वरच्या ओळीपासून सुरू करत नाही. सांगतो, आधी रिकामी जागा शोधा, सगळं तिच्यामुळेच सरकतं. नाहीच सापडली, तर पाडव्याला आमच्या सासुरवाडीला या. मी दाखवतो. वाढायला मीच असतो.