कर्नाटकाकडं सरकलेला सूर्य

माझं इंग्रजी एकदा अख्ख्या गावानं खोटं ठरवलं होतं, आणि तेही मी बरोबर बोलत असताना. चूक करून बोलणी खाल्ली तर माणूस मुकाट राहतो. बरोबर असून खाल्ली की तिडीक मस्तकात जाते, आणि माझी तर त्या वयात फार लवकर जायची.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. कर्नाटकाच्या सीमेलगत, मुरुमजवळच्या एका गावात मी हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो. नोकरी नवी आणि हंगामी. शिक्षक कमी म्हणून आठवीचा भूगोलही माझ्याच गळ्यात पडला होता. शाळेचे अध्यक्ष तेच गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन. मला कायम करायचं की उन्हाळ्यात घरी बसवायचं, हे त्यांच्या मर्जीवर होतं. घरात महिन्याचा पगार आणणारा मी पहिलाच. बहात्तरच्या दुष्काळात आईनं सडकेच्या कामावर खडी फोडली, पुढं म्हैस घेतली आणि त्या दुधावर माझं कॉलेज केलं. त्यामुळं ही नोकरी जाणं मला परवडणारंच नव्हतं.

डिसेंबरात सोसायटी बघायला न्यूझीलंडचा एक पाहुणा आला. दुधाच्या धंद्यातला जाणकार, उंच, लालबुंद आणि हसरा. चेअरमननी मला बोलावणं धाडलं. "मास्तर, तो काय बोलतोय ते मराठीत सांगायचं. तुमचं इंग्रजी बी कळंल आमाला."

सकाळी दूध घालायला आलेले लोक अंगणातच थांबले. कुणी घोंगडं पांघरलेलं, कुणी कानाला टापशी बांधलेली. बायकांच्या घोळक्यात रिकामी बरणी घेऊन आईही उभी होती. सुरुवात छान झाली. गाई किती, दूध किती, सगळं मी फडाफडा सांगितलं. मग कुणीतरी विचारलं, तुमच्याकडं वैरण कधी कापता? पाहुणा म्हणाला, नाताळाच्या सुमारास, भर उन्हाळ्यात, घामाच्या धारा लागतात.

मी तसंच सांगितलं. अंगणभर हशा उसळला.

"मास्तर, नाताळ म्हंजी आत्ताच की! हितं दात वाजाय लागल्यात."

"हिवाळा म्हणला आसंल त्यो. ह्येन्नी उन्हाळा ऐकला."

चेअरमन हसले नाहीत, हे जास्त वाईट. "मास्तर, नीट इचारा त्येला पुन्यांदा."

मी पुन्हा विचारलं. पाहुण्यानं पुन्हा तेच सांगितलं आणि कपाळावरचा घाम पुसून दाखवला. लोकांना वाटलं, बिचाऱ्याला आमच्या थंडीतही उकडतंय. माझे कान तापले. मी आवाज चढवून म्हणालो, "पृथ्वीच्या खालच्या अर्ध्या भागात ऋतू उलटे असतात. आपल्याकडं हिवाळा तेव्हा तिकडं उन्हाळा. सूर्य आपल्यापासून लांब जातो म्हणून आपल्याला थंडी वाजते." आठवीला मी हेच शिकवलं होतं, आणि मलाही कुणीतरी हेच शिकवलं होतं.

घोंगड्यातल्या एका म्हाताऱ्यानं शांतपणे विचारलं, "सूर्य लांब गेला, तर ह्या सायबापासनंबी लांबच गेला की. मग त्येला घाम कसा?"

चेअरमन माझ्याकडं बघत होते, आणि माझी नोकरी मला फाटकातून बाहेर जाताना दिसत होती.

तेवढ्यात आई पुढं आली. पदर सावरून चेअरमनना म्हणाली, "लांब न्हाय जात, सायेब. कलतो. म्या खडी फोडली न्हवं, मला ठावं हाय. वैशाखात दुपारी बाभळीची सावली बुडाशीच गोळा हुयाची, बसाय जागा न्हाय मिळायची. सूर्य डोक्यावर. पौषात भर दुपारीबी सावली लांब, वर उत्तरंला माकणी गावाच्या अंगाला पडायची. म्हंजी सूर्य कर्नाटकाकडं सरकलेला. तिरपं ऊन अंगाला लागत न्हाय, सरळ ऊन भाजतंय."

"बरं, मग?" चेअरमन म्हणाले.

"मग कर्नाटकाच्याबी लई खाली ह्या सायबाचं गाव आसंल, तर आत्ता सूर्य त्येन्च्याकडं गेलाय की. घाम येनारच."

लोक माना वर करून सूर्य बघायला लागले. मी घाईघाईनं पाहुण्याला विचारलं, तुमच्याकडं दुपारी सूर्य कुठल्या बाजूला असतो? तो म्हणाला, उत्तरेला. ऊन घरात यावं म्हणून आम्ही घराचं तोंड उत्तरेला करतो. मी भाषांतर केलं. या वेळी कुणी हसलं नाही. म्हातारा पुटपुटला, "बरोबर हाय. सूर्य मधी, आपल्या दक्षिनंला आन् त्येच्या उत्तरंला."

पृथ्वी तिरपी राहून फिरते, सहा महिने तिची वरची बाजू सूर्याकडं झुकते आणि सहा महिने खालची, हे मी त्याच आठवड्यात पुस्तकं धुंडाळून पक्कं केलं. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, हे वाचून तर मी एकटाच हसलो. सोमवारी आठवीच्या वर्गात फळ्यावर बाभूळ काढली आणि सांगितलं, मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. मला लाज वाटली नाही. उलट, हे मला माझ्या आईनं सांगितलं, असं म्हणताना छाती भरून आली.

त्या दिवशी अंगणात चेअरमननी आईला विचारलं होतं, "बाई, तुमी कितवी शिकला?"

"म्या? नऊ महिने खडी फोडली."

ते मोठ्यानं हसले आणि माझ्याकडं वळले. "मास्तर, इंग्रजी तुमचं पक्कं हाय. भूगोल तेवढा आईकडनं शिकून घ्या."

जूनमध्ये कायम केल्याची ऑर्डर आली. ती मी धावत घरी नेली आणि मोठ्यानं वाचून दाखवली. आई म्हशीला पाणी पाजत होती. तिनं ओला हात पदराला पुसला, कागद उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "ह्यात कोनता इषय लिवलाय?"

"इंग्रजी."

"मग बरं," आई म्हणाली.